नमुना परत केला म्हणजे निष्पक्षता आली?

कंपनीकडून रिव्ह्यूसाठी आलेला नमुना परत केला की हितसंबंध संपले, असं एक मत मांडलं जातं. ते मला अर्धंच पटतं. खरी मेख नमुना निवडतं कोण, यात आहे. किंग्स्टन कंपनीच्या व्ही३०० या एसएसडीचं (संगणकात माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हचं) उदाहरण घ्या. सुरुवातीच्या चाचण्यांतल्या नगांत सिंक्रोनस नँड, म्हणजे वेगवान प्रकारची मेमरी चिप होती, नंतर त्याच नावाने असिंक्रोनस नँड घातलेला, बराच हळू माल बाजारात आला. २०१४ मध्ये बोंबाबोंब झाली, पण जुने कौतुकाचे रिव्ह्यू तसेच फिरत राहिले. त्यात रिव्ह्यू लिहिणाऱ्यांनी लबाडी केली नव्हती, वस्तूच मागाहून बदलली.

म्हणून फर्मवेअरची (उपकरणाच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती आणि नमुना कुठून आला, हे लेखात सुरुवातीलाच यावं. महिन्या-दोन महिन्यांनी दुकानातून एक नग विकत घेऊन त्याच चाचण्या पुन्हा कराव्यात आणि फरक मूळ लेखातच, तारखेसह नोंदवावा. फोन असेल तर बेंचमार्क अ‍ॅप (वेग मोजणारं अ‍ॅप) त्याचं पॅकेजनाव, म्हणजे फोन ज्यावरून अ‍ॅप ओळखतो ते आतलं नाव, बदलून चालवून बघावं. काही फोन ते नाव ओळखून प्रोसेसरचा वेग तेवढ्यापुरता चढवतात. आणि एम्बार्गो, म्हणजे नमुना मिळाल्यापासून रिव्ह्यू छापायची परवानगी मिळेपर्यंतचा काळ, चार दिवसांचा असेल, तर बॅटरी 'टिकाऊ' आहे असं छापूच नये. चार दिवसांत चार्जिंगची आवर्तनं होतात किती!