अनुभव: हॅरी पॉटरच्या शेवटच्या चित्रपटाने तुमचीही निराशा केली होती का?

निशिगंधा_पुणे
परवा माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने सातवे पुस्तक संपवले आणि त्याच रात्री आम्ही शेवटचा चित्रपट लावला. खलनायक व्होल्डेमॉर्टच्या देहाच्या जळक्या कागदासारख्या कपच्या होऊन हवेत विरल्या, तेव्हा तो म्हणाला, "आई, पण पुस्तकात त्याचं प्रेत खाली पडतं ना?" मला जुलै २०११ आठवला. २००१ साली सुरू झालेल्या मालिकेचा तो आठवा भाग पाहून, हातात थ्रीडीचा चष्मा धरून, नेमका हाच प्रश्न मनात घेऊन मी चित्रपटगृहाचा जिना उतरले होते. पुस्तकात हॅरी आणि व्होल्डेमॉर्टचे शेवटचे द्वंद्व हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या भोजनगृहात सर्वांच्या डोळ्यांदेखत होते, आणि ज्याचे नाव घ्यायला लोक धजत नव्हते तो व्होल्डेमॉर्ट, म्हणजे मूळचा टॉम रिडल, चारचौघांसारखा मरून पडतो. अमर होण्यासाठी आत्म्याचे तुकडे करणाऱ्याचे साधे प्रेत उरावे, हाच त्या कथेचा न्याय होता. चित्रपटात ते दोघे ओसाड अंगणात लढतात आणि ते प्रेतही कोणाला दिसत नाही. तुमचे अनुभव जरूर लिहा.

शाईपेन
मला जादूच्या छडीचे दुःख अधिक आहे. पुस्तकात हॅरी त्या बलाढ्य एल्डर छडीने आधी स्वतःची मोडलेली, फिनिक्सचे पीस असलेली छडी सांधतो. चित्रपटात तो एल्डर छडीचे दोन तुकडे करून दरीत भिरकावतो आणि जुन्या छडीचा विषयच निघत नाही. आजोबांच्या पेनाचे तडकलेले टोपण मी दोरा गुंडाळून अजून वापरतो, त्यामुळे ते पान मी कितीदा वाचले असेल, याची गणती नाही.

मधली_बहीण
फ्रेड, हॅरीच्या जिवलग मित्राचा भाऊ. पुस्तकात तो पर्सीच्या विनोदावर हसता हसता जातो, रुसून दूर गेलेला हा भाऊ नुकताच परतलेला असतो. चित्रपटात थेट त्याचे प्रेतच दिसते. माझा दादा शेजारी बसला होता. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

कोकणकडा
निशिगंधाताई, तुमचे म्हणणे पटते, तरीही हॉगवर्ट्समधले शिक्षक स्नेप यांच्या आठवणींचा भाग मी निराशेत धरणार नाही. हॅरीच्या आईला, लिलीला, कवटाळून बसलेला तो माणूस अॅलन रिकमन यांनी जसा उभा केला, तसा तो मला वाचतानाही दिसला नव्हता. जानेवारी २०१६ मध्ये ते गेल्याचे कळले तेव्हा मी तेवढाच प्रसंग पुन्हा लावून पाहिला.

वाचनवेडी
मी पुस्तके मराठी अनुवादातून वाचली आणि चित्रपट हिंदीतून पाहिला. क्रीचर या घरकाम करणाऱ्या एल्फच्या, म्हणजे जादूच्या ठेंगण्या नोकराच्या, मागोमाग स्वयंपाकघरातले एल्फ सुऱ्या घेऊन युद्धात उतरतात, त्या क्षणाची मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

निशिगंधा_पुणे
वाचनवेडी, मुलाला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो उठून पुस्तक घेऊन आला आणि क्रीचरचे ते पान त्याने मला मोठ्याने वाचायला लावले.