रॅटच्या कॅरोटिडमधल्या गुठळीसाठी भूल कोणती? (बजेट ४० हजार)

पेठेतली_पीएचडी
नमस्कार मंडळी. विस्टर जातीच्या रॅटच्या कॅरोटिडवर (मानेतली धमनी) फेरिक क्लोराइडची पट्टी ठेवून गुठळी करायची आणि प्रवाह बंद पडेपर्यंतचा वेळ मोजायचा, असं काम आहे. प्रयोग टर्मिनल, प्राणी शुद्धीवर येणार नाही. प्रवाह मोजायचा प्रोब लॅबमध्ये आहे, गॅसच्या भुलीची सोय नाही. केटामीन-झायलाझीन, थायोपेंटोन की युरेथेन? सगळं सामान धरून ४० हजार, वर एक रुपया नाही.

व्हेपोरायझर_काका
गॅसच. आयसोफ्लुरेन. विषय संपला. आमचं मशिन लाखाच्या पुढे गेलं, पण काय ते सुख! ४ टक्क्यांवर रॅट आडवा, मग दीड-दोनवर तासभर निवांत.

पेठेतली_पीएचडी
काका, ४० हजार.

व्हेपोरायझर_काका
गाइडना सांग, पुढच्या ग्रँटमध्ये टाका म्हणावं.

कात्रजचा_उंदीर
रॅट कशाला? माईसवर करा, औषधही कमी लागतं.

औंधकर
माईसच्या कॅरोटिडवर प्रोब बसवायला सराफाचा हात लागतो. मुळात हे मॉडेल १९९० मध्ये रॅटवरच मांडलं गेलं. तिनं भूल विचारलीय, प्राणी नाही.

कात्रजचा_उंदीर
माझा हात आहे तसा.

तीन_वर्षं_पाण्यात
ताई, माझं ऐका. केटामीन-झायलाझीनवर सुरुवात केली. मध्येच केटामीन संपलं. ते शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणातलं औषध, नवीन साठ्याच्या कागदपत्रांत दोन महिने गेले. गाइड म्हणाले, उरलेले गॅसवर उरक. उरकले. कंट्रोल (ज्यांना तपासायचं औषध दिलं नाही ते) बहुतेक केटामीनवर, औषधवाले बहुतेक गॅसवर. फरक असा घसघशीत आला की पेढे आणायचे बाकी होते. मग शंका आली म्हणून दोन कंट्रोल गॅसवर केले, तर ते औषधवाल्यांच्याच पंगतीत जाऊन बसले! झायलाझीन ठोके पाडतं, आयसोफ्लुरेन रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरवतं. प्रवाह बदलला की प्लेटलेटचं चिकटणंही बदलतं. शिवाय झायलाझीन ज्या अल्फा-२ रिसेप्टरवर काम करतं, ते प्लेटलेटवरही असतात. कुठलीही भूल घ्या, पण पहिल्या रॅटपासून शेवटच्यापर्यंत तीच.

निवृत्त_फार्माकॉलॉजी
आमच्या वेळी ईथर होतं. बोळा, काचेची बरणी, झालं काम.

औंधकर
आणि शेजारी बर्नर पेटलेला असला की लॅबचंही काम झालं. सर, ईथर नको.

हीटिंगपॅड_हवाच
भुलीवर भांडताय, पण तापमानाचं कोणी बोललं का? भुलेला रॅट भराभर थंड पडतो, आणि थंड रक्त नीट गोठत नाही. आमच्याकडे डिसेंबरातल्या सकाळी स्टीलच्या टेबलावर केलेले रॅट आणि दुपारी केलेले रॅट, आकडे जुळेनात. गुदाशयात थर्मामीटर, खाली पॅड, ३७ अंश. आणि गुरुवारी प्रयोग ठेवू नका, लाईट जाते.

नवा_सभासद_७
आयसोफ्लुरेन चांगलं असतं. हे कोणी सांगितलं का?

औंधकर
नाही हो, पहिल्यांदाच ऐकतोय.

थायो_भक्त
थायोपेंटोन घ्या. स्वस्त आहे. फक्त डोस पुन्हा द्यायला गेलं की श्वास मंदावतो. माझे दोन तसेच गेले, पट्टी ठेवायच्या आधीच.

पेठेतली_पीएचडी
सगळ्यांचे आभार. युरेथेन घेतेय. एकाच इंजेक्शनमध्ये तासन् तास भूल राहते, म्हणजे मध्येच डोस वाढवायची भानगड नाही. उठवायचं नाहीच, आणि एथिक्स कमिटीकडे गेलेल्या फॉर्म बीमध्ये (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज) तेच लिहिलंय.

औंधकर
अहो, ते कॅन्सरकारक आहे! आणि त्यानं साखरही चढते.

पेठेतली_पीएचडी
ठाऊक आहे. ग्लोव्ह्ज घालून फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणारं कपाट) विरघळवणार. साखर काय, झायलाझीननंही चढते. प्रत्येक रॅटचे ठोके आणि तापमान लिहून ठेवणार, तीन वर्षंवाल्या दादांचं ऐकून. पैसे उरतायत, त्यातून पॅड. थर्मोस्टॅट पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत मिळेल ना?

हीटिंगपॅड_हवाच
मिळेल. दुपारी एक ते चार जाऊ नका.

व्हेपोरायझर_काका
घ्या युरेथेन. पण गॅस तो गॅस.