मदत हवी आहे: पाणी शिरलेल्या तळघरात पोरांचं डोकं दुखतंय, मास्क कुठला घेऊ?

ओलीभिंत
लवकर सांगा प्लीज, उद्या सकाळी काम परत चालू करायचंय. पाणी शिरलेल्या जागा उपसून, साफ करून, वाळवून द्यायचं आमचं काम आहे. सध्या एक मोठं तळघर हातात आहे, कमरेएवढं पाणी होतं ते आता घोट्यावर आलंय. कालपासून तिघांचं डोकं जाम दुखतंय, एकाला मळमळतंय, आणि आज दुपारी एकजण पायात जोरच नाही म्हणत पायरीवर बसला. वर आणून मोकळ्यावर बसवलं की तासा-दोन तासात बरे होतात, खाली गेले की परत तेच. कुबट वास इतका आहे की उभं राहवत नाही, त्यामुळे बुरशीच बाधतेय असं माझं मत. आत्ता साधे निळे सर्जिकल मास्क आहेत. एन९५ चालेल की तो बाजूला डबे असलेला रबरी मास्क घ्यावा लागेल? डबे कुठले? बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर सगळ्यांना ९७-९८ येतंय म्हणजे तसं काळजीचं नाही, पण काम अडकलंय.

भटक्या
सर्जिकल मास्क बुरशीसाठी काही कामाचा नाही, कडेने हवा आत येते. कमीत कमी एन९५. आणि दाढी असेल तर एन९५ पण बसत नाही नीट, केसांतून हवा आत जाते, त्यामुळे पोरांना आधी दाढी करायला सांगा. जुनं प्लास्टर, जिप्समचे बोर्ड फोडायचे असतील तर रबरी अर्धा मास्क आणि पी१०० (अगदी बारीक कण अडवणारा) फिल्टर घ्या. मी बरीच वर्षं तोच वापरतोय, एकदा सवय झाली की त्रास होत नाही.

रेती
मास्कचं नंतर बघू, आधी हे सांगा की पाणी कुठलं? पाइप फुटून आलेलं, पावसाचं की ड्रेनेजचं? किती दिवस साचलं होतं? नळाचं चांगलं पाणी सुद्धा दोन-तीन दिवस साचलं की चांगलं राहत नाही, आणि ड्रेनेजचं एक थेंब जरी मिसळलं असेल तर सगळंच मैलापाणी धरून चालायचं. गमबूट, हातमोजे, चष्मा, काय काय आहे पोरांकडे?

कोरडीहवा
ब्लीच मारा. सगळीकडे, भिंती, फरशी, छत. आम्ही दर कामाला पहिलं ब्लीच मारतो, वास पण जातो आणि बुरशी पण. मास्कवर पैसे घालवण्यापेक्षा मुळावर घाव घाला.

स्वाती_म
@कोरडीहवा, असं सरसकट सांगू नका हो. फरशी, टाइल, धातू अशा गुळगुळीत गोष्टींवर ब्लीच ठीक आहे, तेही ४ लिटर पाण्यात एक कप, त्याच्याहून कडक नको. भिजलेला जिप्सम बोर्ड, प्लायवूड, गाद्या यांच्या आत बुरशी खोल गेलेली असते, वरून ब्लीच मारून काळे डाग तेवढे फिके होतात. ते कापून बाहेरच काढावं लागतं. आणि घाणीवर ब्लीच मारून उपयोग नाही, आधी साबणाच्या पाण्याने धुवायला लागतं.

सगळ्यात महत्त्वाचं, बंद तळघरात ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड एकत्र आलं तर क्लोरीन गॅस होतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर दुसरा विषारी गॅस. मी स्वतः बघितलंय, एका कामावर एकाने ब्लीच मारलं, पाठोपाठ दुसऱ्याने त्याच फरशीवर अॅसिड ओतलं, दोघांनाही माहीत नव्हतं दुसऱ्याने काय टाकलंय. पाच जण खोकत बाहेर पळाले.

@ओलीभिंत, पोरांचे डोळे चुरचुरतात का? घसा जळतो, खोकला येतो?

कोरडीहवा
आम्ही कधी मिक्स करत नाही, इतक्या वर्षांत काही झालं नाही.

स्वाती_म
तुम्ही करत नसाल, पण ज्यांचं तळघर आहे त्यांनी आदल्या दिवशी काय ओतलंय ते तुम्हाला कुठे माहीत असतं? विचारूनच मारायचं.

ओलीभिंत
अहो मी मास्क विचारला. पाणी पावसाचं होतं, पण चेंबर तुंबून उलटं पण आलंय, चार दिवस झाले. गमबूट सगळ्यांना आहेत, हातमोजे आहेत पण दोघांचे फाटलेत. ब्लीच अजून मारलं नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला नाही, फक्त डोकं आणि मळमळ. आता सांगा कुठला मास्क.

वायरमन७
तळघरात लाइट आणि पंप कशावर चालू आहेत? बिल्डिंगचा सप्लाय चालू आहे का?

निळी_छत्री
धागा बघून विचारते, माझ्याकडे लाकडी फ्लोअरिंगवर पाणी सांडलं होतं, वरून सुकलंय पण पट्ट्यांच्या कडा वर आल्यात. घासून सारखं करून घेऊ का?

भटक्या
@निळी_छत्री, घाई करू नका. मॉइश्चर मीटर (ओल मोजायचं यंत्र) लावून बघा, त्याच घरातल्या न भिजलेल्या लाकडाला पण लावा, दोन्ही रीडिंग जवळ आल्याशिवाय घासायचं नाही. ओलं असताना घासलं तर सुकल्यावर पट्ट्या मधून वर येतात, मग काही करता येत नाही.

ओलीभिंत
@वायरमन७, बिल्डिंगचा सप्लाय बंद करून घेतलाय पहिल्याच दिवशी. आमचा स्वतःचा पेट्रोलचा जनरेटर आहे, त्यावर एक पंप, दोन ब्लोअर आणि लाइट. पाऊस होता म्हणून जनरेटर जिन्याच्या लँडिंगवर ठेवलाय, वरचं शटर अर्धं उघडं आहे. धूर काही दिसत नाही, सर्व्हिसिंग नुकतंच झालंय. हो, एकाला ब्लोअरला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या होत्या, मग त्याने गमबूट घालूनच हात लावला.

रात्रपाळी_सिस्टर
थांबा!! उद्या सकाळची वाट बघू नका, आत्ता पोरांना फोन करा. हे बुरशीचं नाही वाटत. जनरेटर लँडिंगवर, शटर अर्धं, डोकं दुखणं, मळमळ, पायातली ताकद जाणं, मोकळ्या हवेत आलं की बरं वाटणं, हे सगळं कार्बन मोनॉक्साइडचं चित्र आहे. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. तुम्हाला येतोय तो कुबट वास वेगळा, तो असला-नसला तरी हा गॅस असू शकतो. धूर दिसत नाही, सर्व्हिसिंग झालंय, याने काही फरक पडत नाही, चांगलं चालणारं पेट्रोल इंजिनसुद्धा बंद जागेत जीव घेण्याइतका गॅस सोडतं.

आणि ऑक्सिमीटरवर अजिबात भरवसा ठेवू नका. हा गॅस रक्तात ऑक्सिजनच्या जागी जाऊन चिकटतो आणि बोटावरच्या त्या मशीनला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पेशंट बेशुद्ध असतानाही ९८ दाखवू शकतं. हॉस्पिटलमध्ये गेल्यावर नुसतं डोकं दुखतंय म्हणू नका, "बंद जागेत जनरेटर चालू होता" हे शब्द सांगा, म्हणजे ते रक्तातला कार्बोक्सीहिमोग्लोबिन (गॅस चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासतील. साध्या हवेत तो निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्क लावून पूर्ण ऑक्सिजन दिला की साधारण दीड तासात निम्मा होतो. ज्याच्या पायातला जोर गेला त्याला तर आजच न्या, बरं वाटत असलं तरी न्या.

भटक्या
सिस्टर म्हणतात ते शक्य आहे, पण बुरशीने पण डोकं दुखतं हो, मला स्वतःला दुखलंय. डबेवाला मास्क घेतला तर दोन्हीपासून बचाव होईल ना?

रात्रपाळी_सिस्टर
नाही होणार. हाच गैरसमज घातक आहे. एन९५ आणि पी१०० कण अडवतात, गॅस नाही. रंगाच्या वासासाठी जे कोळशाचे डबे मिळतात ते पण कार्बन मोनॉक्साइड अडवत नाहीत. उलट चांगला मास्क लावलाय म्हणून माणूस जास्त वेळ खाली थांबेल. इंजिन बाहेर काढणं हाच उपाय.

भटक्या
बरोबर आहे, मला डब्यांचं हे माहीत नव्हतं. मी वर दिलेला सल्ला फक्त बुरशी आणि धुळीपुरता धरा.

ओलीभिंत
बापरे. तिघांना फोन केला. दोघे ठीक म्हणतायत, पायरीवर बसला होता त्याचं डोकं अजून दुखतंय आणि संध्याकाळी उलटी झाली म्हणे, मला सांगितलंच नाही. तिघांना घेऊन निघतोय.

वायरमन७
आधी ते करा. परत आल्यावर हे पण वाचा कारण झिणझिण्या आल्या हे तुम्ही ज्या सहजपणे लिहिलंय त्याने माझ्या अंगावर काटा आला. झिणझिण्या म्हणजे ब्लोअरच्या बॉडीत करंट उतरतोय. पाय कोरडे होते किंवा बूट होता म्हणून झिणझिण्यांवर भागलं, तोच माणूस फाटक्या हातमोज्याने ओल्या लोखंडी जिन्याला धरून उभा असता तर सुटला नसता. गमबूट हे विजेपासूनचं संरक्षण नव्हे, आत पाणी गेलं की संपलं.

तो ब्लोअर बाजूला काढा, त्यावर खूण करा, कोणी परत लावू नये. जनरेटरच्या पुढे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच) लावा, नुसता एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) माणसाला वाचवत नाही, तो वायर वाचवतो. आणि छोट्या जनरेटरवर आरसीसीबी लावताना न्यूट्रल आणि अर्थिंग कसं जोडलंय ते जाणकार माणसाकडून बघून घ्या, नाहीतर आरसीसीबी नुसता शोभेला लागतो, ट्रिप होत नाही. एक्स्टेंशनचे जोड पाण्यातून वर उचलून टांगा. एका बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा असं करू नका.

आणि बिल्डिंगचा सप्लाय बंद केला म्हणालात, तो नक्की कुठून? वर कुणाचा इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर मेन बंद असूनही तळघरातल्या वायरमध्ये करंट येऊ शकतो. टेस्टरने बघितल्याशिवाय मेलेली वायर म्हणायचं नाही. बंद करायला पाण्यात उभं राहून डीबीला (स्विचच्या मुख्य बोर्डाला) हात लावला असेल तर परत कधी असं करू नका.

कोरडीहवा
ब्लोअर मैल्याच्या पाण्यावर लावलेच का? आधी घाण उचलून, धुऊन, जंतुनाशक मारून मगच ब्लोअर, नाहीतर सगळी घाण हवेत उडते. हे तरी मला पक्कं माहीत आहे.

स्वाती_म
हे मात्र १०० टक्के बरोबर.

रेती
मैलापाणी आणि फाटके हातमोजे, म्हणून लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून होणारा ताप) बघाच. जखम असेल तर ती पाण्यात जाऊच देऊ नका. आजार लगेच दिसत नाही, बऱ्याचदा ५ ते १४ दिवसांनी ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, तोवर पोरं दुसऱ्या कामावर गेलेली असतात आणि डॉक्टरला पाण्याचं सांगायचंच विसरतात. डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक गोळी) घ्यायची का ते डॉक्टरला विचारा, स्वतःहून नको. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही तपासा.

आणखी एक, बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली असेल तर तळघर एका दमात उपसायचं नसतं. आतलं पाणी भिंतीला धरून असतं, ते झटकन काढलं की बाहेरच्या पाण्याचा दाब भिंत आत ढकलतो. दिवसाला साधारण एक तृतीयांश काढायचं, भिंतीवर पाण्याची रेघ मारून बघायचं. तुमचं तर घोट्यावर आलंच आहे, म्हणून आता भिंतीला नवीन तडा आहे का ते आधी बघा.

निळी_छत्री
माझ्याकडे मॉइश्चर मीटर नाही, हाताने कळतं का?

भटक्या
नाही कळत.

ओलीभिंत
सकाळ झाली, आत्ता लिहायला वेळ मिळाला. तिघांच्याही रक्तात कार्बन मोनॉक्साइड वाढलेला निघाला. दोघांना ऑक्सिजन लावून पहाटे सोडलं, तिसरा अजून आत आहे पण बोलतोय, डोकं उतरलंय म्हणाला. डॉक्टरांनी मला विचारलं तुम्हाला कसं सुचलं जनरेटरचं, मी म्हटलं मला नाही सुचलं. सिस्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

रात्रीच जाऊन बघितलं. जनरेटरचं सायलेन्सर सरळ खालच्या जिन्याकडे तोंड करून होतं. आणि ब्लोअर वरून वारा खाली ढकलत होते, म्हणजे मीच तो गॅस पोरांच्या तोंडावर सोडत होतो.

काम दोन दिवस बंद ठेवलंय, मालकाला सांगितलं, तो चिडला, चिडू दे. वायरमन बोलावलाय. ब्लोअर वेगळा काढून त्यावर लाल टेप मारली.

एक विचारायचं राहिलं, जनरेटर बाहेर किती लांब ठेवू आणि पावसाचं काय करू?

वायरमन७
दारं-खिडक्यांपासून कमीत कमी ६ मीटर, धुराचं तोंड बिल्डिंगच्या उलट्या बाजूला. वर छप्पर करा पण चारही बाजू मोकळ्या, ताडपत्रीने गुंडाळू नका. वायर लांबेल म्हणून जाड घ्या, आणि रीळवर गुंडाळलेली असताना लोड टाकू नका, पूर्ण उलगडा, नाहीतर तापून वितळते.

रात्रपाळी_सिस्टर
आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणा, खाली जिथे पोरं काम करतात तिथे लावा. वाजला की सामान सोडून वर, कोणी पंप बंद करायला थांबायचं नाही. कुणी खाली कोसळला तर दुसऱ्याने एकट्याने धावत जायचं नाही, आधी वर ओरडून मदत बोलवायची. तिसऱ्याला डिस्चार्ज मिळाला की इथे लिहा.

ओलीभिंत
लिहितो. अलार्म दोन घेतोय, एक जिन्यात एक आत. हातमोजे सगळ्यांना नवीन आणले, एन९५ पण.

ओलीभिंत
तिसरा आत्ता घरी पोचला. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी परत बोलावलंय, विसरायला होतंय का, चालताना तोल जातो का ते बघायला. त्याच्या बायकोला पण सांगून ठेवलंय.