चर्चा: नव्या स्टेडियमला ‘अवे’ जाण्यात आता काय उरलंय?

लेस्टरकर

मंडळी, जरा भांडायचंय.

अकरा वर्षं लेस्टर सिटी या फुटबॉल क्लबच्या मागे इंग्लंडभर हिंडतोय. मोसमाला सात-आठ अवे मॅच, म्हणजे समोरच्या टीमच्या मैदानावरच्या, होतातच. परवा कपाट आवरताना जुन्या तिकिटांचा डबा सापडला आणि लक्षात आलं, गेल्या काही वर्षांतलं एकही तिकीट त्यात नाही. सगळी फोनमध्ये, आणि तो फोनही बदलला.

माझं म्हणणं असं: नवं स्टेडियम घरच्या प्रेक्षकासाठी बांधतात, टीव्हीसाठी बांधतात, गाण्याच्या कार्यक्रमांसाठी बांधतात. पाहुण्या टीमचा माणूस तिथे पार्सल असतो. या दरवाजातून आत घ्यायचा, त्या दरवाजातून बाहेर काढायचा. कुठे सांडला नाही म्हणजे झालं.

एका नव्या मैदानावरची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, त्यांचे चाहते इथेही असतील. स्टेशनाबाहेर आलो तर पिवळ्या जाकिटातला पोरगा म्हणाला, ‘अवे? डावीकडून.’ डावीकडून म्हणजे कुंपणाच्या कडेकडेने वीस मिनिटं. वाटेत ना पब, ना चिप्सचं दुकान. दारावर माझी पाठपिशवी ए-फोर कागदापेक्षा मोठी निघाली. आत बायकोने दिलेला थालीपिठांचा डबा. पिशवी ठेवायची सोय मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. मग काय, तिथेच उभ्या उभ्या थालीपिठं खाल्ली, मागच्या दोन अनोळखी गोऱ्यांच्या हातावर एकेक ठेवलं (एकाने विचारलं, ‘तिखट आहे का?’, उत्तराची वाट न बघता घास घेतला आणि मग कळलं त्याला), डबा स्टुअर्डच्या पायाशी सोडला आणि पिशवीची घडी करून जाकिटात कोंबली.

आत सगळं चकाचक. मुतारीला रांग नाही, खुर्चीला गादी. पण आमच्या दोन्ही बाजूंना रिकाम्या खुर्च्यांचे पट्टे, वर ताडपत्री. हुज्जत घालायला पलीकडे माणूसच नाही! अवेला जायची अर्धी मजा त्या हुज्जतीत असते. सामना संपल्यावर पंचवीस मिनिटं आतच थांबवलं, बाहेर आलो तर गाडी गेलेली.

आता लिव्हरपूलच्या एव्हर्टन क्लबचं गुडिसन पार्क आठवा. १८९२ चं मैदान. मे २०२५ मध्ये पुरुषांच्या संघाचा शेवटचा सामना झाला तिथे. बुलन्स रोडकडची आमची जागा म्हणजे लाकडी खुर्च्या आणि डोळ्यासमोर खांब, अर्धा गोलपोस्ट गायब. पण शेजारचा एव्हर्टनवाला हात लांब केला तर लागेल इतका जवळ. नव्वद मिनिटं माझ्या आईबापाचा उद्धार करून जाताना म्हणाला, ‘सांभाळून जा रे, पाऊस आहे.’ नव्या मैदानात हे कुठून आणणार?

सेव्हन सिस्टर्सची मावशी

लेस्टरकर, थालीपिठांबद्दल सहानुभूती. बाकी एक अक्षर पटलं नाही.

मी लंडनच्या टॉटनम क्लबची. आमचं नवं स्टेडियम ३ एप्रिल २०१९ ला सुरू झालं, ६२,८५० जागांचं. माझी जागा दक्षिण स्टँडमध्ये. आता २६ जानेवारी २०२५ आठवा, तुमचीच टीम होती. आमच्या रिशार्लिसनने गोल केला, हाफटाइमला आम्ही निवांत. पुन्हा जागेवर येऊन मफलर नीट करतेय तोवर तुमच्या वार्डीचा गोल. चार मिनिटांनी एल खनूस. १-२. त्यानंतर ईशान्य कोपऱ्यातले तुमचे लोक जे सुरू झाले ते शेवटपर्यंत. आणि आम्ही जवळपास साठ हजार जण, तोंडात गुळणी धरल्यासारखे. पार्सल म्हणे! पार्सलने आमच्याच घरात आमची बोलती बंद केली होती.

जुन्या मैदानांच्या गोडव्याचं म्हणाल, तर ती मैदानं पुरुषांनी पुरुषांसाठी बांधलेली. एका ठिकाणी मी अवेला गेले होते, अख्ख्या स्टँडमध्ये बायकांसाठी संडास एक. कडी तुटलेली. मैत्रीण बाहेरून दार ओढून धरून उभी, आणि तेवढ्यात आमचा गोल झाला. ती दार सोडून पळाली. आज हसू येतं. तेव्हा नव्हतं आलं.

आता मी तेरा वर्षांच्या लेकीला अवेला नेते. ताडपत्रीवाल्या खुर्च्यांचा पट्टा तुम्हाला सलतो, मला तो बघून हायसं वाटतं. तुम्हाला ज्या हुज्जतीची मजा वाटते, तिच्यातले निम्मे शब्द माझ्या रंगावरून आणि लेकीच्या शर्टावरून असतात.

खडूस रेफरी

मावशींना अनुमोदन. ‘पार्सल’ शब्द वापरण्याआधी हिल्सबरो मैदानावरची दुर्घटना आठवायला हवी होती. १५ एप्रिल १९८९, एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची उपांत्य फेरी, शेफील्ड. लिव्हरपूलवाले तिथे पाहुणेच होते. पिंजऱ्यात कोंबलेली माणसं, पुढे मैदानाच्या बाजूला जाळी. ९७ जीव गेले. त्यानंतर चौकशीचा टेलर अहवाल आला आणि १९९४ पर्यंत वरच्या दोन डिव्हिजनच्या मैदानांत सगळीकडे खुर्च्या आल्या. तुमचे रुंद जिने, मोजलेले दरवाजे, पिवळ्या जाकिटातला पोरगा, हे सगळं त्या दुपारची किंमत मोजून आलेलं आहे. पंचवीस मिनिटं थांबवलं म्हणून कुणी मरत नाही.

लेस्टरकर

रेफरीसाहेब, हिल्सबरो काढलंत की समोरच्याचं बोलणंच खुंटतं, हे तुम्हालाही माहीत आहे. पिंजरे परत आणा असं मी कुठे म्हटलं? शिवाय हिल्सबरोत चुकलं ते व्यवस्थेचं. पोलिसांनी मात्र तेव्हा दोष चाहत्यांच्या माथी मारला आणि तो पुसायला २०१६ च्या चौकशीचा निकाल यावा लागला. म्हणून तर पाहुण्यांकडे ‘संकट’ म्हणून बघण्याची सवय मला खुपते. उभं राहून बघणं धोक्याचं म्हणून बंद केलं होतं, तेच २०२२ मध्ये रेलिंगवाल्या खुर्च्यांसकट परत आलं की. म्हणजे मनात आणलं तर मधला रस्ता निघतो.

मावशी, तुमच्या रंगाच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मलाही ऐकावं लागलंय. मी ते हुज्जतीत धरत नाही एवढंच, पण तुम्ही का धरावं न धरावं हे मी सांगणारा कोण.

आणि आकडा बघा. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्यांना ३,००० तिकिटं (मैदान तीस हजारांहून लहान असेल तर १० टक्के). तुमच्या ६२,८५० मध्ये आम्ही पाच टक्केसुद्धा नाही. मैदानं वाढली, आमचा कोपरा तेवढाच राहिला. एफए कपला १५ टक्के द्यायचा नियम आहे, तेव्हा बघा त्याच स्टेडियमचा नूर कसा पालटतो.

बाकावरचा बदली खेळाडू

आधी आपलं घर बघा. किंग पॉवर स्टेडियम २००२ चं, म्हणजे तेही नव्यातलंच. तिथे पाहुण्यांना हार घालून ओवाळता का? उलट घरच्यांना आवाज काढायला खुर्चीखुर्चीवर पुठ्ठ्याचे पंखे ठेवणारे तुम्हीच.

लेस्टरकर

पंख्यांवर बोलायचं नाही. त्या पंख्यांवर २०१६ ला लीग जिंकली आहे.

राइनकाठचा

दोन्ही बाजू चुकीच्या झाडावर दगड मारतायत.

मी जर्मनीत असतो. इथेही नवी स्टेडियमं आहेत आणि पाहुण्यांचे लाड आहेत असं नाही. म्युनिचचं आलियान्झ अरेना २००५ चं, तिथे पाहुण्यांना सगळ्यात वरच्या मजल्यावर बसवतात. पण स्टँडमध्ये बिअर चालते (इंग्लंडमध्ये मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला १९८५ पासून कायद्याने मनाई), उभं राहायला जागा आहे, आणि बऱ्याच ठिकाणी सामन्याच्या तिकिटावरच लोकल गाडी-ट्रामचा प्रवास होतो. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये तर जवळपास २५ हजार माणसं उभी असतात. काँक्रीट नवं की जुनं याचा त्याच्याशी संबंध नाही.

लेस्टरकर, तुमची गाडी का चुकली? पंचवीस मिनिटांमुळे? की सामना मुळात भलत्या वेळी होता म्हणून? इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी तीनचे सामने थेट दाखवायचे नाहीत असा जुना दंडक आहे. मग टीव्हीला जो सामना हवा तो तीनवरून हलवायचा. शनिवार साडेबारा, रविवार, सोमवारी रात्री आठ. घरच्या माणसाला जेवण उशिरा होतं इतकंच. पाहुण्याचं आधी काढलेलं स्वस्त रेल्वे तिकीट वाया जातं, दुसऱ्या दिवशीची रजा जाते. अवे तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा २०१६-१७ मध्ये तुम्ही लोकांनी भांडून मिळवलीत, शाबास. पण प्रवासाला कसली मर्यादा?

इथे २०१७-१८ ला बुंडेसलिगामध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सोमवारचे सामने आणले. मोसमाला पाच. फक्त पाच! फ्रँकफर्टमध्ये लोकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकले, बाकीच्यांनी स्टँड रिकामे ठेवले, आणि २०२१-२२ पासून सोमवार बंद झाला. त्याआधी २०१२ च्या शेवटी, क्लबांचा सुरक्षेचा ठराव येणार होता तेव्हा देशभरच्या स्टँडनी सामन्याची पहिली १२ मिनिटं १२ सेकंद तोंडातून आवाज काढला नाही. मी एका सामन्याला होतो. चेंडूला बूट लागल्याचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता. मग तेरावं मिनिट. अंगावर काटा आला. घरचे आणि पाहुणे, दोघंही त्या गप्प बसण्यात एक होते. तुम्ही ताडपत्रीवरून भांडत बसा.

खडूस रेफरी

राइनकाठच्यांचा मुद्दा बरोबर, पण विषय स्टेडियमचा आहे. टीव्हीचा वेगळा धागा काढा.

राइनकाठचा

टीव्हीचे पैसे काढून घ्या आणि मग दाखवा बांधून ते स्टेडियम. विषय एकच आहे.

रंकाळ्याचा राइट-आउट

हे सगळं वाचून आम्हा कोल्हापूरकरांना हसावं का रडावं कळेना झालंय, भावांनो.

आमच्याकडे अवे हा प्रकारच नाही. फुटबॉल खेळणाऱ्या सगळ्या तालमींचं घर एकच, राजर्षी शाहू स्टेडियम. पाटाकडील असो, शिवाजी तरुण मंडळ असो, खंडोबा असो. दोघंही यजमान आणि दोघंही पाहुणे. मंगळवार पेठेतनं शिवाजी पेठेत चालत जायला किती वेळ लागतोय? त्यामुळं लेस्टरकरांना पाहिजे ती हुज्जत आमच्याकडे बारा महिने. मॅच संपली तरी संपत नाही. सकाळी त्याच टपरीवर चहाला तोच माणूस भेटतोय.

पण एक सांगतो, ही हुज्जत कधी कधी गळ्याशी येत्या. बाटल्या आल्या, मॅच थांबली, पोलीस आले, मग बैठका. दोन-चार हुल्लडबाजांपायी गॅलरीतली पोरंबाळं, म्हातारी माणसं अडकत्यात. तवा मावशी म्हणत्यात तो रिकामा पट्टा मला पाहिजे होता एकदा. माझ्या मांडीवर पुतण्या होता चार वर्षांचा. खांद्यावर घेऊन निघालो तर गडी रडायचं सोडून विचारतोय, ‘काका, गोल झाला का?’

म्हणजे मी कुणाच्या बाजूनं? दोघांच्या. आमच्याकडं तसंच असतंय.

फातोर्डा ब्लॉक

गोव्यातून थोडं. एफसी गोवाच्या मागे अंधेरीला गेलोय, रात्रभर रेल्वेने, ढोल सीटखाली कोंबून. अंधेरीचं मैदान लहान, सात-एक हजारांचं. तिथे कोण घरचा आणि कोण पाहुणा हे ढोलाच्या ठेक्यावरूनच ओळखायचं. मॅचनंतर मुंबईवाल्यांनी मासे कुठे चांगले मिळतात ते सांगितलं. आम्हाला! गोवेकरांना! भांडण झालं ते तेवढ्यावरूनच.

पण लेस्टरकर, पाहुणे नसले तर काय होतं तेही बघा. इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा अख्खा मोसम कोविडमुळे गोव्यातच झाला, प्रेक्षकांविना. मैदान घरापासून दहा मिनिटांवर आणि मी टीव्हीसमोर. अर्जेंटिनात तर दंगलींपायी २०१३ पासून कित्येक वर्षं लीगच्या सामन्यांना पाहुण्यांना बंदीच होती. त्यापुढे तुमची ए-फोर पिशवी म्हणजे चैन आहे.

सेव्हन सिस्टर्सची मावशी

एक कबूल करते. त्या जानेवारीच्या सामन्यानंतर लेक म्हणाली, ‘आई, आपण अवेला गेलो की आपणही असंच गातो. मग घरी का नाही गात?’ आमच्या दक्षिण स्टँडमध्ये १७,५०० माणसं एका उतारावर बसतात, आवाज घुमावा म्हणूनच तशी रचना केलेली. तरीही. घरी माणूस करमणूक करून घ्यायला येतो आणि अवेला करायला जातो, असलं काहीतरी उत्तर मी दिलं तिला. तिला पटलेलं दिसलं नाही.

आणि हो, लेस्टरकर, पुढच्या वेळी आमच्याकडे आलात तर लहान पिशवी आणा आणि डबा स्टेशनाबाहेर माझ्याकडे द्या. थालीपिठांची जबाबदारी घेते. परत मिळायची खात्री देत नाही.

बाकावरचा बदली खेळाडू

मावशी, ते २०२५ ला प्रीमियर लीगमधून खाली गेले. आधी वर तर येऊ देत.

लेस्टरकर

मीठ चोळलंत, धन्यवाद.

राइनकाठचे, गाडीबद्दल तुमचं बरोबर निघालं. जुना मेसेज शोधून बघितला. सामना शनिवारी तीनचा ठरला होता, रविवारी संध्याकाळी साडेचारला ढकलला. पंचवीस मिनिटं थांबवलं नसतं तरी ती गाडी जेमतेमच मिळाली असती. मला आपला राग दाराशी आला म्हणून मी दारावर काढला. ताडपत्रीबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही.

खाली गेल्याचा एक फायदा आहे. २०२५-२६ ला चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे या खालच्या लीगमध्ये, पोर्ट्समथ आहे, आणि त्यांचं फ्रॅटन पार्क १८९९ पासून त्याच जागी. घरांच्या रांगांमधून वाट, पब हाकेच्या अंतरावर, समोरचा माणूस शिव्या देईल इतका जवळ. तिकीट काढलंय. ३० पौंडांचा नियम प्रीमियर लीगचा, इथे तो नाही, हे पैसे भरताना आठवलं. बायको म्हणाली, या वेळी डबा कागदी पिशवीत देते.

तिकीट फोनवरच आलंय.