मदत हवी आहे: बाथरूम वॉटरप्रूफिंग शिकवायला सरावाची चौकट कशी बनवावी?

ऐरोलीत सिडकोची जुनी घरं विकत घेतलेल्या कुटुंबांसाठी शनिवार-रविवारचा वर्ग सुरू करतोय. खालच्या घराचं छत गळू लागलं की खर्च आणि भांडण दोन्ही नव्या मालकाच्या गळ्यात, म्हणून हे काम त्यांच्या हाताला बसायलाच हवं.

सिमेंट शीटची 4 × 4 फुटांची चौकट, कडेला विटांचा थर, एका कोपऱ्यात नहाणी ट्रॅप (पाणी निचरायचा पीव्हीसीचा सांधा). उतार 4 फुटांत अर्धा इंच. कोपऱ्यांना गोलाई, मग पृष्ठभाग ओलसर करून (पाणी साचू न देता) पॉलिमर-सिमेंटचे (पाणी अडवणाऱ्या लेपाचे) दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. कोरड्यावर मारला तर थर पावडरीसारखा सुटतो, जाड मारला तर तडकतो.

खरी डोकेदुखी ट्रॅपची. गुळगुळीत पीव्हीसीला सिमेंट धरत नाही, गळती बहुतेक तिथूनच. पॉलिश पेपरने खरवडून भोवती नॉन-श्रिंक ग्राउट (वाळताना न आकसणारं सिमेंटचं मिश्रण) भरणार आहोत.

आता प्रश्न. थर वाळायला वेळ देऊन गळती तपासायला 48 तास पाणी भरून ठेवायचं, हे दोन दिवसांत बसत नाही. चाचणी पुढच्या शनिवारी घेऊ का? आणि चौकट हलवताना शीट वाकून थर फुटू नये म्हणून खाली काय द्यावं, 18 मिमी प्लाय की लोखंडी अँगल? ठाण्यात किंवा नवी मुंबईत असं शिकवलेल्यांनी नक्की सांगा.