वॉकर घरात नकोच, ‘लक्ष असतं ना’ एवढ्यानं भागत नाही

निळीशाई

बाळ सहा-सात महिन्यांचं झालं की भेटायला येणारं प्रत्येक जण विचारतं, “वॉकर घेतला की नाही?” नाही म्हटलं की पुढचं ठरलेलं असतं: “घ्या, लवकर चालायला लागेल. लक्ष ठेवलं की झालं.” यातलं पहिलं चुकीचं आहे आणि दुसरं धोक्याचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी कशाबद्दल बोलतेय ते आधी सांगते. मधे कापडी बैठक, भोवती कडं, खाली चाकं, आणि आत बसलेलं बाळ पायांनी रेटा देत घरभर फिरतं, तो वॉकर. उभ्या राहणाऱ्या बाळानं दांडी धरून ढकलायचा पांगुळगाडा यात येत नाही.

वॉकरमधलं बाळ एका सेकंदात मीटरभर पुढे जाऊ शकतं. तुम्ही चार पावलांवर उभे आहात, नजर बाळावरच आहे, तरीही ते जिन्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत तुमचा हात पोचत नाही. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे लागलेली २,३०,००० हून अधिक बाळं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आणली गेली, सगळी १५ महिन्यांच्या आतली. त्यांतली जवळजवळ तीन चतुर्थांश जिन्यावरून पडली होती. ९० टक्क्यांहून अधिक बाळांना मार डोक्याला किंवा मानेला बसला होता. आणि मला सगळ्यांत जास्त हलवणारी गोष्ट ही: १९९७ साली तिथेच अशा अपघातांची नोंद घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून अधिक मुलांजवळ पडण्याच्या वेळी कुणी ना कुणी हजर होतं. म्हणजे लक्ष होतं. वेळ नव्हता.

कॅनडानं २००४ मध्ये वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात बंद केली, वापरलेला वॉकर विकण्यासकट. बाकीच्यांनीही हेच करावं असं मला वाटतं. ज्यांना हे पटत नाही त्यांचं म्हणणं ऐकायचंय.

जुळ्यांची_आई

ताई, आकडे वाचले. आता माझी सकाळ ऐका. दोन बाळं, नऊ महिन्यांची, आणि घरात मोठं माणूस मी एकटी. एकाचं लंगोट बदलत असते तेव्हा दुसरा जमिनीवर असेल तर तो वायर ओढतो, कपाटाखालचा कचरा तोंडात घालतो, दारात बोट अडकवतो. वॉकरमध्ये निदान तो मला दिसत राहतो आणि खूश असतो.

आणि माझ्या घरात जिना नाही. एक पायरीसुद्धा नाही. तुमचे तीन चतुर्थांश अपघात माझ्याकडे होऊच शकत नाहीत. मग बंदी माझ्यावर का? ज्यांच्या घरी मदतीला चार माणसं आहेत त्यांनी एकट्या आईला ‘नकोच’ म्हणून सांगणं सोपं असतं.

कोरापाट

जुळ्यांच्या आईशी सहमत. शिवाय ‘वॉकरनं चालणं लांबतं’ हा मुद्दा नेहमी फुगवून सांगितला जातो. आयर्लंडमधला १९० बाळांचा अभ्यास (२००२) सगळे पुढे करतात. त्यात वॉकरमधले तास मोजले होते आणि एकूण दर २४ तासांमागे आधाराशिवाय चालणं सरासरी ३.३ दिवस पुढे गेलेलं दिसलं. पण हा पालकांनी ठेवलेल्या नोंदींचा संबंध आहे, तो कारण सिद्ध करत नाही. जे बाळ मुळात सावकाश आहे त्यालाच आईवडील जास्त वेळ वॉकरमध्ये बसवत असतील, ही शक्यता उरतेच. आणि लांबलं तरी किती? शाळेत जाणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाकडे बघून ते तेराव्या महिन्यात चाललं की चौदाव्या, हे कुणी सांगून दाखवावं.

निळीशाई

कोरापाट, लांबण्याचा मुद्दा मी मांडलेलाच नाही. तुमचं बरोबर आहे, तेवढ्यासाठी मी कुणालाही वॉकर टाकून द्या म्हणणार नाही. मी फक्त इतकंच म्हणते की ‘लवकर चालेल’ या आशेनं तो घेऊ नये, कारण तसा फायदा कुठे दिसलेला नाही.

बाकी माझा सगळा भर मार लागण्यावर आहे.

रात्रपाळी

मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. जिना नाही म्हणजे निर्धास्त, हे मला पटत नाही. वॉकरमध्ये बाळ उभ्यासारखं असतं. जमिनीवरून ज्या गोष्टीपर्यंत त्याचा हात जात नव्हता तिथे तो आता जातो, आणि ते तिथवर झपाट्यानं पोचतं. टेबलावरचं पांघरूण ओढलं की वरचं गरम भांडं अंगावर. इस्त्रीची लोंबणारी वायर. हीटर. न्हाणीघराचं दार उघडं राहिलं आणि खाली पाण्यानं भरलेली बादली असली तर तीही.

चटक्याचं सांगते, कारण ते घरी कळत नाही. बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते. आपल्याला ‘बरंच गरम’ वाटणारं पाणी तिला खोलवर भाजतं. असं झालं तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, आणि मग लगेच डॉक्टर.

जुळ्यांची_आई

ताई, हे सगळं रांगणाऱ्या बाळालाही होतं. माझा मोठा (चार मिनिटांनी मोठा) खुर्ची धरून उभा राहतो आणि पांघरूण ओढतोच. टेबल रिकामं ठेवणं हा त्यावरचा उपाय. तो मी करते.

रात्रपाळी

होतं, पण आधी ते रांगत जातं, मग धरून उठतं, मग हात वर करतं. त्या तीन पायऱ्यांत तुम्ही पोचता. वॉकर त्या पायऱ्या खाऊन टाकतो.

वाचक_आजोबा

आमची तिन्ही मुलं वॉकरमध्ये वाढली. आज तिघंही धडधाकट आहेत. पूर्वी इतकी भीती कुणाला नव्हती आणि मुलं मोठी होतच होती. प्रत्येक वस्तूवर बंदी घालत गेलात तर आईबापांचा स्वतःवरचा विश्वास जातो, असं मला मनापासून वाटतं. आमच्या वेळी घरात सतत कुणीतरी असायचं, हेही खरं.

पाऊलखुणा

आजोबा, तुमची तिन्ही मुलं सुखरूप आहेत याचा आनंद आहे. पण ज्यांचं वाईट झालं ते ‘आमचं काही बिघडलं नाही’ म्हणायला येत नाहीत, म्हणून आपल्या ओळखीतल्या उदाहरणांवरून धोका किती ते कळत नाही.

मला वेगळं बोलायचंय. लोक वॉकर घेतात त्यामागे बहुतेक वेळा एक धास्ती असते: शेजारचं चाललं, आपलं का नाही? आमची मुलगी दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मली, त्यामुळे ही धास्ती मला चांगली माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांतल्या निरोगी मुलांवरून जे टप्पे मांडले, त्यात आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आहे. नऊ महिन्यांहून मोठी फट! त्याच अभ्यासात काही मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढे गेली. आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय जन्मतारखेपासून न मोजता, प्रसूतीची जी तारीख दिली होती तिथून मोजायचं. हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा घरातली निम्मी काळजी उतरली. १८ महिने झाले तरी चालत नसेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावं, पण दुकानात जाऊन वॉकर आणणं हे त्याचं उत्तर नव्हे.

बाळं चालायला शिकतात ती पडून. एका अमेरिकन अभ्यासात (२०१२) १२ ते १९ महिन्यांची मुलं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. स्वतःच्या उंचीवरून, बुडावर किंवा हातांवर. ते पडणं त्यांचं शिक्षण आहे. वॉकरमध्ये ते होत नाही, कारण तोल बैठक सांभाळते.

कोरापाट

हे छान सांगितलंत. पण बंदीच्या प्रश्नाला कुणी हात घालत नाहीये. अमेरिकेनं बंदी घातली नाही, २०१० मध्ये कडक सक्तीचे निकष आणले: पायरीच्या कडेला चाक खाली गेलं की वॉकर तिथेच अडायला हवा, हातब्रेकचीही चाचणी. त्यानंतरच्या चार वर्षांत आधीच्या चार वर्षांपेक्षा दुखापती सुमारे २३ टक्क्यांनी घटल्या. म्हणजे वस्तू सुधारता येते. बंदीनं काय होईल? माळ्यावरचे जुने, कसलेच निकष नसलेले वॉकर हातोहात फिरत राहतील.

निळीशाई

घट झाली, मान्य. पण त्याच काळात जुने वॉकर मोडीत गेले आणि वापरही कमी झाला असेल, त्यामुळे सगळं श्रेय निकषांना देता येत नाही. शिवाय उरलेल्या ७७ टक्क्यांचं काय? कडेला अडणारं चाक गरम भांडं अडवत नाही.

जुळ्यांच्या आईचा प्रश्न मात्र खरा आहे आणि मला तो टाळायचा नाही. एकट्या माणसाला दोन्ही हात मोकळे हवेत, अशा वेळा दिवसात असतातच. माझं उत्तर प्लेपेन, म्हणजे चारी बाजूंनी जाळीचं कुंपण. तेही नसेल तर एक खोली किंवा खोलीचा कोपरा पूर्ण मोकळा करायचा: कपाटं भिंतीला स्क्रूनं पक्की, वायरी वर, आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या चालणारी एकही वस्तू तिथे नको. ती बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, म्हणून तिच्याबाबत मी फारच कडक आहे. नीट मोकळ्या केलेल्या कोपऱ्यात तुमची नजर दहा सेकंद हटली तरी चालतं. वॉकरमध्ये चालत नाही.

जुळ्यांची_आई

प्लेपेन आहे. धाकटा रमतो. मोठा पाच मिनिटांत रडून घर डोक्यावर घेतो, आणि तो रडला की धाकटाही. तुम्ही म्हणता तसा कोपरा करून बघते. बॅटरीचं ठाऊक नव्हतं, आजच खेळणी तपासते.

पण बंदीला माझा विरोध कायम आहे. मी कधी, कुठे, किती वेळ वापरायचं ते मला ठरवू द्या.

वाचक_आजोबा

एक विचारतो. नातवंडं सुट्टीत येणार आहेत, आमच्याकडे जिना आहे. दाबून बसवायचं फाटक आणलंय, भोकं पाडावी लागत नाहीत. ते पुरेल ना?

रात्रपाळी

जिन्याच्या खालच्या टोकाला चालेल. वरच्या टोकाला अजिबात नको. बाळानं अंग टाकलं की ते सरकतं, फाटकासकट खाली येतं, आणि बहुतेकांना खाली आडवी पट्टी असते तिला अडखळून मोठेही पडतात. वर स्क्रूनं पक्कं बसणारं आणा, जिन्याच्या बाजूला न उघडणारं.

वाचक_आजोबा

बरं झालं विचारलं. सुताराला बोलावतो. वॉकर माळ्यावर आहे अजून, तो कुणाला देऊ?

निळीशाई

कुणालाच नका देऊ. चाकं काढा, बैठकीचं कापड कापा आणि मगच टाका, म्हणजे कुणी उचलून नेला तरी वापरता येणार नाही.

कोरापाट

आजोबा, निर्णय तुमचा. पण इतका जुना असेल तर मीही कापाच म्हणेन.