लायसन्स आणि आरसीवरचा पत्ता बदलायचाय (लातूर ते वाकड), सुरुवात कुठून करू?

लातूरवाला_वाकडात:

नमस्कार मंडळी, मी मूळचा लातूरचा, गेल्या जूनपासून नोकरीमुळे वाकडला भाड्याने राहतोय. आता बायको आणि आई पण इकडेच आल्यात आणि परत जायचं काही दिसत नाही, म्हणून म्हटलं कागदपत्रं एकदाची सरळ करून घ्यावीत. लायसन्स लातूरचं आहे. कार माझ्या नावावर, एमएच २४, बँकेचं कर्ज अजून अडीच वर्षं चालू आहे. आणि एक स्कूटर आहे ती वडिलांच्या नावावर आहे. वडील मागच्या दिवाळीच्या आधी गेले. स्कूटर मी इकडे आणलीय, डिकीत अजून त्यांनी रबर लावून ठेवलेल्या पीयूसीच्या पावत्या आणि गाडी पुसायचं फडकं आहे, आई ते काढू देत नाही आणि गाडी विकायचा तर विषयच नाही.

एका एजंटला विचारलं तर तो म्हणाला आधी लातूरहून एनओसी (ना हरकत दाखला) आणावी लागेल, नंबर बदलून एमएच १४ होईल, दोन्ही गाड्या आणि लायसन्स मिळून साडेसात हजार. खरंच नंबर बदलतो का? आईचा जीव त्या नंबरात अडकलाय हो. कुणी नुकतंच केलं असेल तर प्लीज सांगा.

---

मोशी_रोड:

नंबर बदलत नाही, निर्धास्त राहा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात पत्ता बदलला तर एमएच २४ तसाच राहतो आणि लायसन्सचा नंबर पण तोच राहतो. कायद्यात एनओसी आहे ती गाडी दुसऱ्या राज्यात नेताना, तिचा फॉर्म २८. तुम्हाला त्याची गरज नाही.

मी मागच्या वर्षी नाशिकहून आल्यावर सगळं स्वतः केलं, माझ्या अनुभवाने सांगतो की खरं काम आधारचं आहे, बाकी सगळं त्याच्या मागून येतं. आधी आधारवर वाकडचा पत्ता टाकून घ्या, तुमच्या नावाचा रजिस्टर्ड भाडेकरार असेल तर तो चालतो. आईंच्या नावावर करार नसणार, त्यांचं कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून होतं, नात्याचा पुरावा जोडायचा आणि तुम्ही तुमच्या लॉगिनमधून मंजुरी द्यायची. आधार झालं की परिवहनच्या साइटवर सारथीमध्ये जाऊन लायसन्सचा पत्ता बदलायचा अर्ज आधार ओटीपीने भरा, म्हणजे बरंचसं काम घरबसल्या होतं. पत्ता आधारवर जसा असेल तसाच उचलला जातो, त्यामुळे आधार करतानाच फ्लॅट नंबर, विंग, सोसायटीचं नाव नीट टाका, कार्ड स्पीड पोस्टने येतं आणि अर्धवट पत्त्यावर पोस्टमन तरी कुठे शोधणार. पत्ता बदलाची फी २०० आणि कार्डाचे २०० वेगळे, वर थोडे पोस्टाचे.

आणखी एक, लायसन्सची मुदत वर्षभराच्या आत संपत असेल तर नूतनीकरण पण त्याच अर्जात टाका, दोनदा कार्डाचे पैसे कशाला द्यायचे. चाळिशी ओलांडली असेल तर नूतनीकरणाला डॉक्टरचा फॉर्म १ए लागतो.

---

आरसी_झाली_एकदाची:

कारचं सांगते. आरसीवरचा पत्ता बदलायचा तो फॉर्म ३३. कर्ज चालू आहे ना, मग बँकेची संमती लागणार, फॉर्मवर त्यांच्या सहीशिक्क्याची जागाच आहे. आधी बँकेत अर्ज देऊन ठेवा कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला, शाखेतून हेड ऑफिस आणि हेड ऑफिसातून परत शाखा असं सव्वा महिना चाललं होतं. बाकी इन्शुरन्स आणि पीयूसी चालू पाहिजे, पॅन, पत्त्याचा पुरावा, मूळ आरसी. चॅसी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, पेन्सिल प्रिंट मागतात, तो घरीच काढा, नंबरावरची धूळ ओल्या फडक्याने पुसून सुकू द्यायची आणि पातळ कागद घट्ट धरून पेन्सिल आडवी फिरवायची, आमचा पहिला प्रिंट धुळीमुळे नुसता काळा आला होता आणि परत पाठवलं. फी कारची ३०० च्या आसपास.

गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट आधी बसवून घ्या, नाहीतर आरटीओत अर्ज पुढे सरकत नाही. चलन बाकी असेल तर ते पण भरून टाका.

आणि हे सगळं झाल्यावर इन्शुरन्स कंपनीला कळवून पॉलिसीवर पण नवीन पत्ता चढवून घ्या, हे लोक विसरतातच.

---

जुना_ठाणेकर:

यात मोबाईल नंबरचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. आरसीला जोडलेला मोबाईल नंबर आधी बघा. मी ठाण्याहून पनवेलला आलो, चार वर्षं पत्ता बदलला नाही आणि आरसीवरचा नंबर कधीच बंद झालेला होता. दरम्यान वेगाची चार चलनं लागली, मेसेज जुन्या नंबरवर, लोकअदालतीची नोटीस जुन्या घरी, तिथल्या नवीन भाडेकरूने ती ठेवली कुठे काय माहीत. गाडी विकायला काढली तेव्हा कळलं, ठरलेला गिऱ्हाईक गेला हातचा. कायद्याने पत्ता बदलला की ३० दिवसांत कळवायचं असतं, मोटार वाहन कायदा कलम ४९, पण नियमाचं सोडा, आपल्या नावाची नोटीस दुसऱ्याच्या घरात पडून राहणं हे फार वाईट. परिवहनच्या 'वाहन' नावाच्या साइटवर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर टाकून मोबाईल बदलता येतो, आज रात्रीच करा.

आणि चलन भरायची लिंक व्हॉट्सॲपवर आली तर अजिबात उघडू नका, आरटीओ चलन नावाची एपीके फाइल पाठवून खातं रिकामं करतात. साइटचा पत्ता शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का एवढं बघायचं.

---

स्मिता_चिंचवड:

स्कूटरबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही. दादा, स्कूटरचा पत्ता बदलायचा वेगळा अर्ज करूच नका. मालक हयात नसताना पत्ता बदलाचा अर्ज कोण करणार, आधी गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, त्याचा फॉर्म ३१. नवीन मालकाचा पत्ता त्याच अर्जात जातो, म्हणजे वाकडचा पत्ता आपोआप आरसीवर येतो आणि नंबर तोच राहतो. नियमाप्रमाणे ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, तुमचा वेळ उलटून गेलाय त्यामुळे उशिराचा दंड लागेल, पण काम होतं. माझे बाबा गेल्यावर मला आठ महिने त्यांच्या कपाटाला हात लावायचं धैर्य झालं नव्हतं, त्यामुळे उशीर का होतो ते कळतं मला.

मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर, मूळ आरसी, चालू इन्शुरन्स. बहीण-भाऊ असतील तर त्यांच्या सह्या ते गावाकडे असतानाच घेऊन ठेवा. तोपर्यंत स्कूटर शक्यतो चालवू नका, पॉलिसी अजून वडिलांच्या नावावर आहे, काही झालं तर क्लेमला फार त्रास होतो.

आईंच्या नावावर पण करता येते, मालक व्हायला लायसन्स लागत नाही. फक्त पॉलिसीत मालक-चालकाचं अपघात कव्हर असतं ते लायसन्स असलेल्या मालकालाच मिळतं, चालवणार तुम्हीच असाल तर तुमच्या नावावर जास्त बरं असं मला वाटतं.

---

बेंगळुरूतला_सांगलीकर:

राज्याबाहेर जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो, १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर तिथे नवीन नंबर घ्यावा लागतो, एनओसी, तिथला रोड टॅक्स, मग उरलेल्या वर्षांच्या महाराष्ट्राच्या टॅक्सचा परतावा मागायचा. मी त्यातून गेलोय. तुमचं त्या मानाने सोपं आहे.

---

लातूरवाला_वाकडात:

सगळ्यांचे मनापासून आभार. एजंटला नको म्हणून सांगितलं. काल रात्री मोबाईल नंबर बदलला, कारवर एक चलन निघालं सोलापूर रोडचं, ते भरलं. आधारचा अर्ज टाकलाय, सोमवारी बँकेत जातोय. ताई उदगीरला असते, ती पुढच्या आठवड्यात सही करून देणार आहे.

स्मिताताई, मी आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं. माझ्याच नावावर कर म्हणाली. मग परत परत एकच विचारलं, नंबर तोच ना. तोच राहणार म्हटल्यावर स्वतः खाली जाऊन डिकी उघडली, पावत्या काढून पिशवीत घातल्या आणि त्याच फडक्याने गाडी पुसली. स्कूटर तोवर कव्हर घालून ठेवलीय.